माझ्या दुधाची फॅट

माझ्या दुधाची फॅट चार पॉइंट दोन लागली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आणि घराबाहेर या विषयावर इतकी तोंडं चालली आहेत की खरा आकडा कुठेतरी लिहिलेला असलेला बरा. एकाच नमुन्याच्या दोन काचनळ्या लावून, कढत पाण्यात ठेवून, डोळ्यासमोर धरून वाचलेला आकडा आहे तो. कुणाला शंका असेल तर त्यानं यावं आणि भांडावं. मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासते आणि भांडायला मला वेळ असतो.

माहेर माझं वालचंदनगरचं. वडील वर्कशॉपला होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. सासर कळसचं. सासऱ्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. सासूला आत्या. नवरा इंदापूरला कचेरीत कारकून आहे आणि घरात भांडण सुरू झालं की त्याला नेमकं बाहेर काहीतरी काम आठवतं. आबांचा दोन एकर ऊस आहे आणि दावणीला एक म्हैस. ही म्हैस पुढे फार उपयोगाला येणार आहे, तेव्हा तिला विसरू नका.

लेक बारामतीला झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुपट्यातून सोडवलं तर नखं जांभळी. ओठही. दुपारपर्यंत आम्ही अँब्युलन्समधून पुण्याच्या वाटेवर होतो. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरबाईंनी एका कागदावर चित्र काढून सांगितलं. हृदयातून दोन मोठ्या नळ्या निघतात, एक फुप्फुसांकडे जाते आणि एक साऱ्या अंगाकडे. माझ्या लेकीच्या या दोन नळ्या जन्मतःच उलट्यापालट्या जोडलेल्या होत्या. वाईट रक्त अंगातच फिरत होतं आणि चांगलं रक्त फुप्फुसांतच चकरा मारत होतं. ऑपरेशन करून दोन्ही नळ्या कापायच्या आणि ज्याच्या त्याच्या जागी लावायच्या.

"हे जमतं," बाई म्हणाल्या. "नाजूक काम पुढचं असतं. हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते देणाऱ्या दोन बारीक धमन्या मोठ्या नळीच्या बुडातून निघतात. त्यांचं तोंड उचलून नव्या जागी शिवायचं. दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही ते तोंड."

मी मान हलवली. पहिलटकरीण होते, अंगात ताप होता, आणि ते दोन मिलिमीटर तेव्हा डोक्यावरून गेले.

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं आणि नीट झालं. आम्ही तिला घेऊन कळसला आलो तेव्हा एक लांबचे पाहुणे भेटायला आले. ओसरीवर बसून म्हणाले, "एवढी धावपळ कशापायी आबा, पोरगीच हाय न्हवं." आबांनी आत आवाज दिला, "चहा नगं टाकू गं, पाव्हणं निघालेत." पाहुणे उठले. माझ्या सासऱ्यांवर माझे बरेच आक्षेप आहेत, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांची चार भांडणं माफ करते.

दोन महिने सगळं ठीक चाललं. लेक गोरी झाली, हसायला लागली, उपकेंद्रातल्या ताईंच्या काट्यावर दर आठवड्याला पुढे सरकायला लागली. मग एप्रिल आला आणि ती पिताना थांबायला लागली. चार घोट ओढायची, सोडून द्यायची, किंचाळून रडायची, पाय पोटाशी घ्यायची. कपाळावर, वरच्या ओठावर घामाचे थेंब. तोंड पांढरंफटक. थोड्या वेळानं दमून झोपायची. पूर्वी वीस मिनिटांत पोट भरायचं, तिथं पाऊण तास लागायला लागला. काटा तीन आठवडे एकाच जागी अडकून बसला.

इंदापूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गॅस आहे म्हणाले, थेंब दिले. ऑपरेशन झालेली मुलं सावकाशच वाढतात असंही म्हणाले. घामाचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण एप्रिलमध्ये कळसला दगडालासुद्धा घाम येतो. पण मी तिचं कपाळ पुसायची तेव्हा तो घाम गार लागायचा. पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकतोय, आणि घाम गार. माझ्या हाताला ते कळत होतं. डोक्यानं त्याची दखल घेतली नाही, हे मी कबूल करते.

आत्यांनी निदान केव्हाच करून टाकलं होतं.

"तुझं दूध पातळ हाय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या अंगाला लागंना. पोट भरंना म्हणून रडती."

"असं काही नसतं, आत्या."

"आमी पाच लेकरं वाढवली. कुणाचा घाम न्हाय आन् कुणाची किरकिर न्हाय. कॉलनीतल्या पोरींची दुधं अशीच."

आमच्या घरानं छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हाच देव, नवस, अंगारे सगळं सोडलं. आत्यांनी लेकीला काळा टिळा लावला नाही, दृष्ट काढली नाही, देवऋषाचं नाव घेणाऱ्या शेजारणीला दारातून परत पाठवलं. बाईचा मला अभिमान आहे. पण देव सुटले तरी पातळ दूध काही सुटलं नव्हतं. लेकरू वाळलं की आईचं दूध पातळ, हे कलम बावीस प्रतिज्ञांत कुठंच नव्हतं म्हणून राहून गेलं असावं.

आता, दूध पातळ की दाट हे ठरवणं हा माझा धंदा. तालुक्यातल्या किती संकलन केंद्रांचं दूध माझ्या हाताखालून जातं. पाणी घातलेलं, पावडर घातलेलं, काल राहिलेलं आजच्यात मिसळलेलं, मी सगळं पकडते. आणि मला कुणी माझ्याच घरात सांगतं की तुझं दूध पातळ. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हटलं. सकाळी उठले, उकळून घेतलेल्या बाटलीत अर्धी वाटी दूध काढलं, मग लेकीला पाजलं, बाटली फडक्यात गुंडाळली आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून डेअरी गाठली. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते.

लॅबमध्ये आमचे सीनियर होते. रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलेली, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"कुठल्या गोठ्यातलं?"

"माझं आहे, तात्या."

त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. नळीत अॅसिड घेतलं, दूध सोडलं, बूच लावलं, नळी फिरायला लावली. आता सांगते ते नीट ऐका, कारण चूक इथंच झाली. दुसऱ्या कुणाचाही नमुना असता तर तात्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, ढवळून घेतलाय का, पूर्ण दुधातला आहे का. त्यांनी तो प्रश्न हजारो वेळा विचारलाय. झोपेत विचारतील. पण एका बाईला, तिच्या स्वतःच्या दुधाबद्दल, तो भला माणूस कसा विचारणार. आणि मला स्वतःला तो प्रश्न पडला नाही, कारण मी त्या दिवशी तपासणारी नव्हते, मी गोठ्यातली होते.

फॅट लागली एक पॉइंट आठ.

तात्या हळू आवाजात म्हणाले, "खाण्यापिण्याकडं बघा जरा." मी बाटली धुतली, आभार मानले आणि बाहेर येऊन गेटजवळच्या लिंबाखाली उभी राहून रडले. गाईचं दूध एक पॉइंट आठ आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.

घरी जाऊन आत्यांना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, उलट माझ्या पाठीवरून हात फिरवला, ते जास्त लागलं. मग वाटी-चमचा निघाला. म्हशीचं दूध, उकळून, पाणी घालून. डॉक्टर याला नको म्हणतात हे मला माहीत होतं. पण आकडा माझ्याच लॅबचा होता. माझ्याच आकड्याशी मी कशी भांडणार.

आणि वाईट म्हणजे त्याचा गुण आल्यासारखा वाटला. चमच्यानं पाजलं की लेकीला घाम कमी यायचा. रडणं कमी. अंगावर घेतलं की पुन्हा तेच, गार घाम आणि पांढरं तोंड. घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आत्या म्हणाल्या, "बघ आता, म्या काय म्हनत हुते." नवरा सुटल्यासारखा हसला. मी हळूहळू अंगावर पाजायचं कमी केलं. असे नऊ दिवस गेले. ते नऊ दिवस मी मोजलेले आहेत आणि कुणाच्या नावावर टाकत नाही. ना आत्यांच्या, ना तात्यांच्या.

दहाव्या दिवशी सकाळी मी लेकीला खांद्यावर टाकून गोठ्यापाशी उभी होते. आबा धार काढत होते. बादली तीन चतुर्थांश भरली आणि त्यांनी थांबून इकडंतिकडं पाहिलं. मी त्यांच्या मागं होते, दिसले नाही. त्यांनी बादली बाजूला सरकवली, पाठीमागून एक चरवी ओढली आणि उरलेली धार तिच्यात काढायला लागले. अगदी निपटून.

हा डाव मला पाठ आहे. पहिलं दूध पातळ असतं, साय शेवटच्या धारेत उतरते. म्हणून पहिलं दूध केंद्रावर जातं आणि शेवटचं घरच्या चहाला आणि तुपाला राहतं. केंद्रावर फॅट कमी लागली की शेतकरी म्हणतो मशीन बिघडलंय. मी कितीतरी जणांना यावरून झापलंय. आता माझाच सासरा, आणि मी त्या केंद्राच्या डेअरीत नोकरीला.

"आबा," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

ते दचकले. मग मिशीत हसले. "काय न्हाय गं. शेवटची धार घरला ऱ्हाऊ दे म्हनलं. पयली काय, निस्तं पानीच असतंय."

निस्तं पाणी. मी तिथंच मटकन खाली बसले. अर्धी वाटी काढली ती पहिली. उरलेलं लेकीला पाजलं. आईच्या दुधाचंही तसंच असतं, पहिलं पातळ आणि शेवटचं दाट, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. तालुक्याला ढवळून नमुना घ्या सांगत फिरणारीनं स्वतःचा नमुना पहिल्या धारेचा घेतला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काय झालं?" आबा घाबरले. "केंद्रावर सांगनार हाईस का काय?"

"नाही सांगत," मी म्हटलं. "पण मला आत्ताच्या आत्ता बारामतीला सोडायला सांगा तुमच्या लेकाला."

या वेळी दोन्ही बाजूंचं, शेवटच्या थेंबापर्यंत काढलं. एका भांड्यात एकत्र केलं, हलक्या हातानं ढवळलं, मग बाटली भरली. तात्यांच्या टेबलावर ती ठेवली आणि त्यांनी विचारायच्या आत सांगितलं, "पूर्ण काढलेलं आहे, तात्या. ढवळलेलं आहे. मागच्या वेळी पहिल्या धारेचं होतं. दोन नळ्या लावा." तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्याही लक्षात आलं होतं. दोन्ही नळ्यांत चार पॉइंट दोन. मी त्यांना चिठ्ठी मागितली. त्यांनी डेअरीच्या कोऱ्या स्लिपवर आकडा लिहिला, खाली सही केली. नमुना कुणाचा या रकान्यात काय लिहावं यावर ते जरा अडले, मग त्यांनी तिथं लिहिलं, आई.

घरी येऊन ती चिठ्ठी आत्यांच्या पुढ्यात ठेवली.

"दूध चांगलं आहे. म्हशीइतकं नसलं तरी गाईच्या वर आहे. मग लेक अंगावर पिताना घामाघूम का होते?"

"मशीनला काय कळतंय."

"मशीनला दुधातलं कळतं. लेकीतलं कळायला पुण्याला जावं लागेल."

नवरा म्हणाला, तपासणीची तारीख तीन आठवड्यांवर आहे, फोन करून विचारू, उगाच उन्हात कशाला. मग त्यानं म्हण टाकली, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तुझं तसं झालंय. मी म्हटलं, मी सगळंच फुंकून पिणार आहे, गाडी बघा. त्याला नेमकं काम आठवणार इतक्यात आबाच उठले आणि गल्लीतल्या एकाची गाडी मागून आणली. मी लेकीला घेऊन बसले तर पलीकडून दार उघडून आत्या आत. हातात वाटी-चमच्याची पिशवी. तोंड फुगलेलं. "एकटी कशी जाशील," एवढंच म्हणाल्या आणि पुण्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टरबाईंनी लेकीला पाहिलं, मग मला विचारलं की काय होतं. मी चिठ्ठी पुढे केली आणि दूध, फॅट, नमुना असं काहीबाही सांगायला लागले. माझं मलाच कळेना. तेव्हा आत्या पुढे सरकल्या.

"म्या सांगते बाई. आईच्या अंगावर वढती तवा घाम येतोय, गार. तोंड पांढरं पडतंय, राखंवानी. वाटीचमच्यानं पाजलं की तसं हुत न्हाय. म्हनून आमी म्हनलं दूध पातळ हाय. पर ही म्हनती दूध चांगलं हाय. मंग काय हाय ते तुमी बघा."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "चमच्याने होत नाही?"

"न्हाय."

"चमच्याने तिला ओढावं लागत नाही, आजी. अंगावर ओढायला कष्ट पडतात. एवढ्या बाळाचा तोच व्यायाम असतो." आणि त्यांनी हाक मारून ईसीजी लावायला सांगितला.

आत्यांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. आम्ही सगळ्यांनीच बरोबर पाहिलं होतं, अर्थ तेवढा चुकीचा लावला. संध्याकाळपर्यंत कळलं की त्या दोन बारीक धमन्यांपैकी डावीचं तोंड, जिथं शिवलं होतं तिथं, आवळत आलं होतं. हृदयाच्या डाव्या भिंतीला रक्त पुरत नव्हतं. भिंत थकून मंद हलत होती आणि आतली एक झडप गळायला लागली होती. पिताना ती रडायची ते पोटासाठी नव्हतं. मोठ्या माणसाला छातीत कळ येते तीच कळ होती. तीन-चार महिन्यांच्या लेकराला ती छातीत आहे हे सांगता येत नाही.

फोनवर आबांना समजावताना माझी जीभ अडखळत होती. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पाटाचं तोंड बुजलंय म्हन की. शेवटच्या सरीला पानी पोचंना." व्हय आबा, मी म्हटलं, तसंच. "मंग तोंड उकरा म्हनावं लौकर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी डॉक्टरबाईंना एकटीला गाठून विचारलं. "मी नऊ दिवस वाया घालवले. त्यानं किती नुकसान झालं?"

"तसं मोजून सांगता येत नाही."

"सांगा, मला चालेल."

"मला येत नाही सांगता," त्या म्हणाल्या. "एवढं सांगते, तीन आठवड्यांनी तारखेला आला असतात तर आपण हे बोलत नसतो."

त्यांनी मला दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. दिलासा देणारे गावात पुष्कळ होते.

दुसऱ्या ऑपरेशनात धमनीचं तोंड चिरून, ठिगळ लावून रुंद केलं. सकाळी नेलं ते दुपार टळून गेल्यावर बाहेर आणलं. त्या वेळात आत्या आणि मी एका बाकावर बसलो होतो. आत्या एकदाच बोलल्या. "म्या पातळ म्हनायला नगं हुतं." मी म्हटलं, "मीही तपासून तसंच म्हटलं की." माझा त्यांच्यावर राग होता आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. मी ठेवलं नाही, तेवढा ताठा माझ्यात आहे.

पुढचे काही दिवस लेकीला नाकातल्या नळीतून दूध जायचं, माझंच, पंपानं काढलेलं. तिथल्या सिस्टर केरळच्या, मराठी मोडकं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन बाटल्या दिल्या. "पहिला दूध इसमें, बाजूला. बाद का दूध इसमें, बेबीला. बाद का मोटा, वजन वाढेल." मी त्या दोन बाटल्यांकडे बघत राहिले आणि मला हसू फुटलं, ते थांबेना, सिस्टरना वाटलं बाई खचली. आबांचा अख्खा डाव होता तो. पहिली धार बाजूला, शेवटची घरच्या लेकीला. त्या दिवसापासून मी कुठल्याही शेतकऱ्याला या डावावरून झापलेलं नाही. फॅट कमी लागली की आकडा लिहिते आणि गप्प बसते. डेअरीनं हे वाचलं तर वाचू दे.

काटा हलला. पहिल्या आठवड्यात थोडा, मग भराभर. आईच्याच दुधावर हलला, हे मी पुन्हा एकदा नोंदवते.

लेक आता सहा वर्षांची आहे, कळसच्या शाळेत पहिलीत. दर वर्षी पुण्याची तपासणी असते. हृदयाच्या भिंतीचा एक कोपरा अजून जरा मंद हलतो. तो कोपरा माझ्या नऊ दिवसांचा आहे की नाही, हे कुठल्याही मशीनला सांगता येत नाही, आणि मी प्रत्येक वेळी त्या पडद्याकडे बघून मनात विचारतेच. डॉक्टरबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितलीय. नळ्या कापताना हृदयाच्या नसाही कापल्या जातात, त्यामुळं तेव्हा दुखलं तरी पुढे कधी त्रास झालाच तर तिला दुखेलच असं नाही. म्हणून तपासणी चुकवायची नाही आणि बघत राहायचं. आणि दुसरी गोष्ट, तिला कोपऱ्यात बसवायचं नाही. खेळू द्यायचं, पळू द्यायचं, दमली की तिची ती थांबेल.

पहिली गोष्ट सगळ्यांना पटते. दुसरी सांगायला मला दर वर्षी पदर खोचावा लागतो. यंदा शाळेच्या खेळांत तिला पळायच्या ओळीतून काढून शेवटची दोरी धरायला उभं केलं होतं. मुलगी घरी आली, दप्तर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली, फाइल काखेत मारली आणि शाळेत गेले. आत्या न विचारताच मागोमाग निघाल्या.

मुख्याध्यापिका भल्या आहेत. फाइल उघडली, मिटली. "कागद ठीक आहेत हो. पण काही झालं तर?"

"झालं तर मी इथंच उभी आहे. आणि काही न होता ती वर्षभर दोरी धरून उभी राहिली, तर त्याचं काय?"

"सगळे म्हणतात, मुलीच्या जातीला कशाला—"

"बाई," आत्या मागून म्हणाल्या, "तिची आई दोनदा तपासून बोलती. पळू द्या."

पळू दिलं. शंभर पावलांचं मैदान, बारा मुली. शिट्टी वाजली आणि मला वाटलं की आत्ता ओरडून थांबवावं. धीट वगैरे मी मुळीच नाही. माझी लेक सातवी आली. दोरीच्या पलीकडं तशीच पळत आली आणि माझ्या पोटावर येऊन आदळली, तोंड लालबुंद, श्वास फुललेला, कपाळभर घाम. आत्यांनी सवयीनं पदर पुढे केला आणि मध्येच थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी लेकीच्या कपाळाला हात लावला.

घाम गरम होता.